मातामायपुढचा लाल दिवा

“सांगा त्याईले, पंपाचा आवाज बसला म्हणावं.”

मी मागून ओरडले. पुढच्या सीटवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांनी शेजारी मान वळवली.

“कवडू, थे म्हणते पंपाचा आवाज बसला.”

“काई नाही बसला, माय. रस्त्याचा आवाज जास्त आहे. सांग तिले.”

“तो म्हणते रस्त्याचा आवाज आहे.”

मला ऐकू येत होतं हो! कवडू म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. ते जीप चालवत होते, त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर मी बसले होते, आणि आमचं बोलणं आत्याबाईंवरून वळसा घालून जात होतं. आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरात तेव्हा रीतच तशी होती. भासऱ्यापुढं बाईनं तोंड उघडायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, तो येताना दिसला की पदर ओढून बाजूला व्हायचं. बोलणं अगदी अडलंच तर तिसऱ्याला सांगायचं, आणि तिसरा नसला तर भिंतीला सांगायचं. भासऱ्यानं ते भिंतीकडून ऐकायचं. भासऱ्यानंही तसंच वागायचं. निघताना त्यांनी आतला आरसा टपाकडे वळवून ठेवला होता. मागचा रस्ता दिसला नाही तरी चालेल, पण भावाच्या बायकोचं तोंड दिसायला नको!

आणि मी कशी? माहेरी बाप म्हणायचा, कुंताच्या जिभेला हाड नाही. सासरी येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण या एका माणसाशी मी एक अक्षर बोलले नव्हते. वाईट माणूस नव्हता. बाळंतपणात मला दवाखान्यात नेलं ते याच जीपमधून, आणि तेव्हासुद्धा ‘दुखते का’ हे त्यांनी आत्याबाईंनाच विचारलं.

माझ्या पुढ्यात काळी प्लास्टिकची टाकी होती. तिच्यात मत्स्यबीज केंद्रातून आणलेल्या रोहू आणि कतल्याच्या बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. पिल्लं दाटीवाटीत असली की पाण्यातली हवा लवकर संपते, म्हणून टाकीत नळी सोडलेली, नळीच्या वरच्या टोकाला हवेचा लहान पंप, आणि पंपाच्या दोन वायरी जीपच्या बॅटरीला चिमट्यांनी लावलेल्या. बॅटरी चालेल तोवर पंप चालणार, आणि पंप चालेल तोवर पिल्लं जगणार. एवढं गणित मला कळत होतं.

आणि ती जगायलाच पाहिजे होती. आमचा गावतलाव मालगुजारीच्या काळातला, मोठा, बारमाही पाण्याचा. मासेमारीची संस्था पुरुषांची. ते स्वतः जाळं टाकत नव्हते. दरसाल तलाव ठेकेदाराला देऊन मोकळे व्हायचे, आणि आमच्याच तलावात आमचीच माणसं रोजीवर जाळं ओढायची. माझे घरधनी त्यालाच कंटाळून नागपूरला गेले होते. आम्ही बचत गटाच्या बायका ग्रामसभेत उभ्या राहिलो, तलाव आम्हाला द्या म्हणालो. बराच हशा झाला. शेवटी संस्थेचा सचिव मनसाराम नान्हे मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला, “उद्या सकाळी ठेकेदार येते. त्याच्या आधी, आज दिवस बुडाच्या आत, बायकाईनं सोता माशाचं बीज आणावं आन् जित्तं सोडून दाखवावं. गाडी भाड्यानं करा, ड्रायव्हर माणूस चालते. पण बीजाले कोण्या माणसाचा हात लागला तं तलाव आमचा.”

सगळ्यांसमोर ठरलं. गटात गाडी कोणाकडे? भासऱ्यांची जीप सोडून गावात दुसरी गाडी नव्हती. मी गटाची अध्यक्ष, म्हणून मी निघाले. भासऱ्यासोबत एकटी कशी जाणार, म्हणून आत्याबाई निघाल्या. असं आमचं वऱ्हाड.

“सांगा त्याईले,” मी पुन्हा म्हटलं, “पिल्लं वर येऊन राहिली.”

खरंच येत होती. आधी ती टाकीच्या तळाशी फिरत होती, आता वरच्या थरात गोळा होऊन तोंडं उघडमीट करत होती. 

“कवडू, पिल्लं वर येऊन राहिली म्हणते.”

या वेळी भासऱ्यांनी रस्त्याच्या कडेला जीप लावली. इंजिन चालूच ठेवलं. खाली उतरून बॉनेट उघडलं, पंपाचे चिमटे हलवून पाहिले, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी फडक्यानं पुसली, पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. पट्टा ताणलेला होता. बॅटरी तर अगदी नवी.

“बॅटरी नवी आहे, माय. कालच्या काल चार्ज करून आणली. असं होतच नाही.”

असं होतच नाही, हे वाक्य ते गेला महिनाभर म्हणत होते. आषाढातल्या आखाडीच्या सणापासून जीपनं त्यांचा जीव खाल्ला होता. सकाळी चाबी फिरवली की नुसतं कट-कट. गावातल्या पोरांना बोलावून धक्का मारायचा, मग चालू. प्रवासी कंटाळले. भासऱ्यांनी शहरातल्या मिस्त्रीकडे नेली. त्या रात्रीचं जेवताना त्यांनी आत्याबाईंना सगळं सांगितलं होतं, आणि मी चुलीजवळ भाकरी थापता थापता ऐकलं होतं. मिस्त्रीनं बॅटरीपासून एक वायर घेऊन थेट अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनाच्या जोरावर करंट करणाऱ्या यंत्राला टेकवली, त्याबरोबर त्यानं करंट दिला. मिस्त्री म्हणाला, हा ठणठणीत आहे, तुमची बॅटरी मेली. मग जुनी बॅटरी देऊन नवी आणली. आठवडाभरात नवीही मेली. पुन्हा चार्ज केली, पुन्हा मेली. ज्याच्या जीपची पंचक्रोशीत शपथ घ्यावी, तो माणूस रात्री अंगणात बाजेवर बसून जीपकडे टक लावून पाहायचा.

आम्ही पुन्हा निघालो. ढगाळ, चिकट हवा होती. भासऱ्यांनी जीप पळवली. मी कान पंपाला लावून बसले. आणि मला एक गोष्ट खटकली. गाडी एवढी पळतेय, इंजिन गरजतंय, पण पंप काही पळेना. पूर्वी या जीपनं आम्ही लग्नाला जायचो तेव्हा भासरे गिअर टाकून वेग घ्यायचे आणि पुढचे दिवे भक्कन मोठे व्हायचे. म्हणजे इंजिन जोरात, तर करंट जोरात. आता इंजिन ओरडत होतं आणि पंप म्हाताऱ्यासारखा खोकत होता. इंजिनाकडून त्याला काही मिळतच नव्हतं. तो बॅटरीचं साठवलेलं खात होता, आणि ते संपत आलं होतं.

“सांगा त्याईले, गाडी बंद नोको करा म्हणावं! कुठीच बंद नोको करा!”

आत्याबाई मागं वळल्या. “काय म्हणतं वो?”

तेवढ्यात पुढं रेल्वेचं फाटक लागलेलं दिसलं. आणि फाटकावर गाडी बंद करायची, डिझेल जाळायचं नाही, ही भासऱ्यांची जन्माची सवय. त्यांचा हात खाली बंद करायच्या मुठीकडे गेलेला मला दिसला. मी पाहत होते. माझ्या तोंडात शब्द आले होते. ते आत्याबाईंकडे गेले.

“आत्याबाई, बंद नोको—”

“कवडू, थे म्हणते—”

मूठ ओढली गेली. इंजिन खळखळून थांबलं.

एवढी शांतता मी कधी ऐकली नाही. पंप दोनदा खुरखुरला आणि तोही थांबला. टाकीतले बुडबुडे वर येऊन फुटले, मग एकही आला नाही.

भासऱ्यांनी चाबी फिरवली. कट. पुन्हा फिरवली. कट.

“अगा माय!” आत्याबाईंनी कपाळाला हात लावला.

मी काही ऐकत बसले नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत घातले आणि पाणी उपसून वरून सोडायला लागले. उंचावरून पाणी पडलं की हवा मिसळते, हे आमच्या लेकरांनाही माहीत असतं. ओंजळीनं होईना तेव्हा तांब्या घेतला. भरायचा, वर न्यायचा, ओतायचा. भरायचा, वर न्यायचा, ओतायचा. पिल्लं माझ्या हाताला तोंडं लावत होती. काही आडवी झाली होती, पांढरी पोटं दिसत होती. माझ्या तोंडून काय काय निघत होतं मला ठाऊक नाही. त्या पिल्लांना मी शिव्या देत होते, नवसही बोलत होते.

मालगाडी आली. अशी लांबलचक की संपेचना. भासरे खाली उतरून फाटकावरच्या माणसांना हाका मारत होते. दोन सायकलवाले आले, एक दूधवाला आला. फाटक उघडलं. भासरे स्टिअरिंगवर बसले, त्यांनी गिअर टाकून ठेवला, “लावा जोर!” मीही उतरले. तांब्या आत्याबाईंच्या हातात दिला.

“ओता आत्याबाई, थांबू नोका!”

पदर कमरेला खोचला, जीपला खांदा लावला. रुळांवरून जीप हिसके देत गेली, पलीकडे उतार होता, तिथं भासऱ्यांनी क्लच सोडला, आणि धूर सोडत इंजिन लागलं. दूधवाला हसून ओरडला, “बापा, बाईत दम आहे!” मी धावत जाऊन मागं चढले.

इंजिन चालू. पंप बंदच. एवढी मेलेली बॅटरी त्याला काय फिरवणार? आणि गाव अजून दूर. तांब्यानं ती टाकी गावापर्यंत नाही जगणार, हे मला दिसत होतं. आत्याबाई दमल्या होत्या. मी तांब्या घेतला आणि ओतता ओतता पुढं पाहत राहिले. दुसरं पाहणार काय?

पुढं डॅशबोर्डवर आमच्या देवीची, मातामायची तसबीर होती. तिच्यापुढं लाल दिवा, अगदी लहान, गुंजेएवढा. तो आता विझत आल्यासारखा होता, निखाऱ्यावर राख बसावी तसा.

मला करंटाचं काही कळत नव्हतं, आजही फार कळत नाही. पण घरातली कुठली वस्तू कुठून उचलली आणि कुठं ठेवली, हे बाईला कळतं. तो दिवा मातामायपुढं नव्हता पूर्वी. तो स्टिअरिंगच्या मागच्या काचेत होता, वेगाच्या काट्याशेजारी. चाबी फिरवली की लागायचा, इंजिन लागलं की विझायचा. आखाडीच्या दिवशी आम्ही जीप धुतली, हळदकुंकू लावलं, आणि भासऱ्यांनी डॅशबोर्डच्या मागं हात घालून तो काढला. आत्याबाईंना म्हणाले होते, “हा नुसता लागते आन् विझते, काई कामाचा नाही. मायपुढं तरी जळंन.” तसबिरीपुढं नवी वायर टाकून तो बसवला. आत्याबाईंनी ओवाळलं. मी नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप पहिल्यांदा धक्क्यावर लागली.

माझा हात तांब्यासकट हवेत राहिला. मिस्त्रीनं वरून वायर टेकवली की अल्टरनेटर जागा होतो. मग वायर न टेकवता रोज त्याला जागं कोण करत होतं? कोणीतरी करतच असणार! आखाडीच्या आधी करत होतं आणि आखाडीनंतर करेना. मधल्या काळात जीपमधून दुसरं काही गेलं नव्हतं. हा एवढा दिवाच गेला होता.

“आत्याबाई! सांगा त्याईले, तो लाल दिवा होता तठी बसवा म्हणावं. जुन्या जागी.”

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तसबिरीकडे पाहिलं.

“मातामायचा दिवा?”

“तो मातामायचा नाही जी, गाडीचा आहे. तो काढला तवापासून बॅटरी मरून राहिली. सांगा ना!”

“नाही बापा.” आत्याबाईंनी कानाला हात लावले. “मी नाही सांगत. लेकानं श्रद्धेनं लावला. मायपुढचा दिवा विझवाले मी आपल्या तोंडानं सांगू? तुलेही पाप लागन अन् मलेही.”

“आत्याबाई, पिल्लं मरतात!”

“मरू दे मंग. तिची इच्छा असन.”

“काय म्हणते थे?” भासऱ्यांनी पुढं पाहतच विचारलं.

“काई नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “तू चाल.”

माझा संताप संताप झाला! मध्ये एक माणूस ठेवलाय बोलायला, आणि तो म्हणतो मी सांगत नाही. मग बाईनं काय करायचं? भिंत शोधायची? जीपला भिंत नव्हती, कापडी टप होता, आणि तो वाऱ्यानं फडफडत होता. मी टपाकडे पाहिलं. खरं सांगते, पाहिलं. बोलायला तोंड उघडलं. आणि मग टाकीत पाहिलं. मघाशी हाताला तोंडं लावणारी पिल्लं आता हात घातला तरी हलत नव्हती.

“भाऊजी!”

भासऱ्याला भाऊजी म्हणत नाहीत. दिराला म्हणतात. पण भासऱ्याला काय म्हणून हाक मारायची, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं, कारण हाक मारायचीच नव्हती. तोंडाला येईल ते आलं.

“भाऊजी, गाडी थांबवा! इंजिन चालूच ठेवा. तो लाल दिवा काढा अन् काचेमागं होता तठी बसवा. तो काढला तवापासून तुमचा अल्टरनेटर झोपून आहे. मिस्त्रीनं वायर टेकवून उठवला, रोज हा दिवा उठवत होता. ऐकता का? मी तुमाले सांगून राहिली! तुमाले!”

आत्याबाई “अवो! अवो!” एवढंच म्हणत राहिल्या. जीप काही वेळ तशीच चालत राहिली. भासऱ्यांची मान ताठ झाली होती, मानेवर घामाची धार होती. मला वाटलं, ऐकलंच नाही असं करणार. रीत तशीच आहे. ऐकलं तरी ऐकलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

मग जीप थांबली.

भासरे पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून वाकले, तसबिरीपुढचा दिवा चिमटीत धरून उपटला. आत्याबाईंनी डोळे मिटून हात जोडले. भासऱ्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला, चाचपलं, जुना रिकामा होल्डर ओढून काढला. त्यात दिवा बसेना.  पुन्हा बसवला, दाबला, होल्डर आत सरकवला. काचेत लाल ठिपका लागला, मंद, दिसेल न दिसेल असा. त्यांनी पाय दाबला. इंजिन वाढलं, वाढलं, आणि तो लाल ठिपका पट्कन विझला.

“गेला!” आत्याबाई रडवेल्या ओरडल्या. “पाहा! विझवला मायचा दिवा!”

पण माझ्या गुडघ्याशी काहीतरी खुरखुरलं. पंप! आधी एक कण्हणं, मग घरघर, मग चांगला ठणठणीत आवाज. नळीतून बुडबुड्यांची माळ सुटली. मी मोठ्यांदा हसायला लागले, हसता हसता रडायला लागले, आणि तांब्या मात्र हातातून सोडवेना.

भासऱ्यांनी गिअर टाकला. गावापर्यंत मी पिल्लं पाहत होते. काही गेली होती ती हातानं वेचून बाहेर टाकली. बाकीची हळूहळू खाली उतरली, तळाशी फिरायला लागली. पण माझं मन काही थाऱ्यावर येईना. तलाव वाचला असेल, पण मी काय करून बसले होते? आत्याबाईंची पाठ माझ्याकडे होती आणि त्या पाठीवरूनच कळत होतं की घरी गेल्यावर माझी धडगत नाही. आणि भासरे? त्यांच्या गाडीची चूक, त्यांच्या श्रद्धेतली चूक, मी त्यांच्या आईसमोर त्यांच्या तोंडावर सांगितली होती. माणूस एवढं गिळू शकतो का?

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर निम्मं गाव जमलं होतं. दिवस डोंगरावर टेकत होता. गटाच्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. आम्ही टाकीतलं पाणी हंड्यांत घेतलं, हंडे तलावात तरंगत ठेवले; पिल्लांना आधी तलावाच्या पाण्याची सवय करावी लागते, एकदम सोडली तर दचकून मरतात. बायका हंड्यात डोकावून “जित्ती आहेत वो, जित्ती आहेत!” म्हणून नाचायच्या राहिल्या होत्या.

मनसाराम नान्हे धोतराचा सोगा धरून पाळीवरून खाली आला. फाटकावरचा दूधवाला फटफटीवरून आमच्या आधी गावात पोचला होता आणि त्याच्या आधी त्याच्या तोंडची बातमी.

“थांबा जरा,” मनसाराम म्हणाला. “गाडी बंद पडली होती म्हणे. पंप बंद पडला होता. मंग चालू कोणी केला?”

बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

“गाडी भाड्यानं चालते म्हटलं होतं म्या. पण बीज वाचवलं कवडूनं असंन, तं बीज माणसानं आणलं. बायकाईनं नाही. ठरलं होतं तसं ठरलं.” त्यानं पाळीवरच्या पुरुषांकडे पाहिलं. माना हलल्या.

 मी तोंड उघडणार तोच आत्याबाई पुढं झाल्या.

“म्या सांगतलं कवडूले. दिवा काढून जुन्या जागी बसव म्हणून म्या सांगतलं. बाईच आहो ना मी?”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. जी बाई पाप लागेल म्हणून एक शब्द पुढं न्यायला तयार नव्हती, ती आता तेच पाप स्वतःच्या अंगावर घेत होती. तलावासाठी घेत होती, माझी अब्रू राखायला घेत होती, लेकाचीही राखायला घेत होती. आईनं लेकाला सांगितलं तर त्यात कोणाची रीत मोडत नाही.

“तुमी बाई आहा, पण गटात नाही ना, दुर्पताबाई,” मनसाराम हसला. “गटाच्या यादीत तुमचं नाव कुठी आहे? गटाच्या कोण्या बाईनं केलं असंन तं सांगा. नाही तं हंडे काढा बाहेर.”

गटाची बाई जीपमध्ये एकच होती. सगळ्यांना माहीत होतं. आणि त्या एका बाईनं भासऱ्याला काही सांगितलं असेल, हे पाळीवरच्या एकाच्याही डोक्यात येणं शक्य नव्हतं. म्हणूनच मनसाराम एवढा निर्धास्त हसत होता.

भासरे जीपला टेकून उभे होते. हात ग्रीसनं काळे. ते सरळ झाले आणि पाळीवरून खाली आले.

“माय खोटं बोलून राहिली,” ते म्हणाले.

आत्याबाईंनी लेकाचा हात धरला. त्यांनी तो सोडवला.

“माय नाही बोलली. माह्या भावाची बायको बोलली. माह्यासंगं. तोंडातोंडी बोलली आन् म्या ऐकलं. गाडीचा दिवा म्याच काढला होता, आखाडीले, देवीपुढं लावाले. चूक माही होती. महिनाभर म्या शोधली, मिस्त्रीनं शोधली, ना त्याले सापडली ना मले. तिले सापडली. तिनं सांगतलं तसं म्या केलं. भाड्याच्या ड्रायव्हरनं करावं तसं.”

पाळीवर मागं कोणीतरी म्हातारा “राम राम राम” पुटपुटला. एक जण हसू दाबत दुसऱ्याच्या कानाशी लागला, आणि मला कळलं की उद्यापासून हा माणूस जीप घेऊन चौकात उभा राहील तेव्हा काय काय ऐकेल. भावाच्या बायकोनं गाडी शिकवलेला ड्रायव्हर. देवीचा दिवा विझवणारा. हे सगळं त्यांनाही त्या क्षणी कळत होतं. तोंडावर दिसत होतं. ऐकलंही त्यांनी पुढं, वर्षानुवर्षं ऐकलं, आणि एकदाही उलट उत्तर दिलं नाही.

मनसाराम काहीतरी बोलायला गेला. “पण कवडू, तुह्या घरची बाई तुह्यासंगं...”

“माह्या घरचं मी पाहीन. तू तलावाचं बोल. गटाची बाई आहे का नाही?”

मनसारामनं आजूबाजूला पाहिलं. माना आता हलत नव्हत्या. तो सोगा झटकून बाजूला झाला.

मी पाण्यात हंडा धरून उभी होते. पदर कमरेलाच खोचलेला, डोकं उघडं, केस तोंडावर.  भासरे पाण्याच्या कडेपर्यंत आले. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दहा-बारा वर्षांत पहिल्यांदा, सरळ, डोळ्यांत.

“पाहत काय राहिली, कुंता?” ते म्हणाले. “सोड ना. मरून जाईल बीज.”

मी हंडा पाण्यात आडवा केला.